रस्त्याच्या पश्चिमेला कमी धोका

‘कमी धोका’ हे दोन शब्द कुणी उच्चारले की आजही माझं डोकं फिरतं. मी रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, राग काही रिटायर झालेला नाही. मुलगी म्हणते, “आई, लेट इट गो नाऊ.” तिचं बरोबर असेल. पण दिवाळी अंकासाठी ‘नोकरीतले अनुभव लिहा, गमतीदार असले तरी चालतील’ असा निरोप आला, मी गमतीदार काहीतरी आठवायला बसले, आणि आठवलं ते हेच.

मी मूळची सांगलीची. सिव्हिल इंजिनिअर, वर्गात आम्ही दोघीच मुली. लग्न होऊन कॅलिफोर्नियात आले आणि ऐंशीच्या दशकात दक्षिणेकडच्या एका उपनगराच्या बिल्डिंग डिपार्टमेंटमध्ये लागले. गावाचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं अजून आहेत आणि कुणाला कोर्टाचं निमित्त द्यायची माझी इच्छा नाही.

काम सांगायला सोपं होतं. घर बांधायचं, खोली वाढवायची, छप्पर बदलायचं, तर लोक नकाशे घेऊन आमच्या काउंटरवर येत. मी नकाशे नियमांशी ताडून बघायची, चुकांवर लाल पेनने खुणा करायची आणि सगळं नीट असेल तर शिक्का मारून परमिट द्यायची. तासगावकर हे आडनाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून मी ‘मिसेस टी’ झाले. नमुने भरपूर भेटले. एका गृहस्थांनी गॅरेजच्या नकाशात बाथटब काढला होता. हा कशाला, विचारलं तर चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हणाले, “गाडीसाठी.” त्यांचा भाडेकरू महिनाभर आधीच त्या गॅरेजमध्ये राहायला आला होता. अशी माणसं मला पटकन ओळखू यायची. साडी सोडून पॅन्ट घालणारी, बुटकी, जाड चष्म्याची मी, पण काउंटरमागे उभी राहिले की ठेकेदार घसा खाकरायचे. त्याचा मला अभिमान होता. अजूनही आहे.

आता ‘कमी धोका’ म्हणजे काय, ते. गावाच्या पूर्वेला टेकड्या होत्या. पाऊस संपला की त्यांच्यावरचं गवत आणि झुडपं वाळून कडकडीत व्हायची. शरद ऋतूत वाळवंटाकडून गरम, कोरडा वारा सुटायचा. तो दोन-चार दिवस असा वाहतो की ओठ फुटतात आणि दाराच्या मुठीला हात लावला की विजेचा बारीक चटका बसतो. टेकडीला आग लागायची ती अशाच दिवसांत. म्हणून गावाच्या नकाशावर एक रेघ मारलेली होती. रेघेच्या पूर्वेला ‘आगीचा झोन’. तिथे घराभोवतीची झुडपं काढायची, धुराड्यावर ठिणग्या अडवायची जाळी बसवायची, छप्पर न जळणारं घालायचं. रेघेच्या पश्चिमेला सपाट वस्ती, हिरवी लॉन्स, कोपऱ्याकोपऱ्यावर आग विझवायच्या पाण्याचे नळ. तो भाग ‘कमी धोका’. तिथे यातलं काहीच नाही.

ही रेघ कुठून आली, तर आमचा फायर मार्शल रे याने ती आधी पेन्सिलीने मारली होती. फायर मार्शल म्हणजे आग विझवणारा नव्हे, ती लागू नये म्हणून नियम बघणारा अधिकारी. रे साठीचा, बोलायला तिरसट, उमेदीची सगळी वर्षं त्याने आगीच्या गाडीवर काढलेली. त्याची रेघ कॅन्यन रोडच्या तीन गल्ल्या पश्चिमेला होती. आमचा डायरेक्टर डग याने ती उचलून थेट कॅन्यन रोडवर आणून ठेवली.

“रस्त्यावर रेघ असली की लोकांना समजायला सोपं,” डग म्हणाला.

“वाऱ्याला कोण समजावणार?” रेने विचारलं. त्यावर सगळे हसले. मीही हसले.

त्या पश्चिमेकडच्या बाजूला, कॅन्यन रोडपासून दुसऱ्याच गल्लीत मिसेस हाल्वरसन राहायच्या. रिटायर झालेल्या शाळामास्तरीण, सत्तरीच्या आसपास. बरोबर त्यांची थोरली बहीण मार्गरेट. तिच्या गुडघ्यांनी दगा दिला होता; वॉकर धरून घरातल्या घरात फिरायची. एके दिवशी मिसेस हाल्वरसन काउंटरवर आल्या. छप्पर बदलायचं होतं. तिकडे तेव्हा सीडरच्या फळ्यांच्या छपराची फॅशन होती. एकीवर एक रचलेल्या पातळ लाकडी फळ्या, दिसायला फार देखण्या. त्याला शेक रूफ म्हणतात. त्यांच्या गल्लीच्या असोसिएशनला म्हणजे घरमालकांच्या मंडळाला तेच हवं असायचं, सगळी घरं एकसारखी दिसावीत म्हणून.

“मिसेस टी,” त्या म्हणाल्या, “लाकडी घालू की सिमेंटच्या कौलांचं? टेकडी काही लांब नाही.”

मी नकाशा बघितला. “तुम्ही कमी धोक्याच्या भागात आहात. दोन्ही चालतं.”

“नक्की?”

“नियमाप्रमाणे, हो.”

त्यांनी लाकडी घातलं. मी शिक्का मारला.

त्यानंतर वर्षभरात शेजारच्या काउंटीत एक मोठी आग लागली आणि आमच्या कौन्सिलमधल्या एका सभासदाला प्रश्न पडला की आपल्यासारखी बाकीची गावं कमी धोक्याच्या भागात काय करतात? डगने ते काम माझ्या टेबलावर टाकलं. “तुला तक्ते करायला आवडतात.” आवडायचे, खरं होतं. मी माझ्या खटारा हॅचबॅकमधून आसपासच्या सहा गावांच्या सिटी हॉलमध्ये गेले. नियमांची पुस्तकं मागितली, झेरॉक्स काढल्या, माझ्यासारख्याच काउंटरमागच्या माणसांशी बोलले.

काय सापडलं सांगू? एका गावात घराभोवती तीस फूट झुडपं काढायची, पलीकडच्या गावात शंभर फूट. दोन्ही गावांची हद्द एकाच टेकडीवर, एकाच कुंपणाला. कुंपणाच्या अलीकडचं झुडूप गुन्हा आणि पलीकडचं निसर्गसौंदर्य. तिसऱ्या गावाच्या नियमात लिहिलं होतं, ‘वाजवी प्रमाणात सफाई ठेवावी’. मी तिथल्या क्लार्कला विचारलं, वाजवी म्हणजे किती? तो म्हणाला, “तक्रार येईपर्यंत.” चौथ्या गावाने लाकडी छपरांवर सरसकट बंदी घातली होती. पाचव्यात न पेटण्याचं औषध लावलेलं लाकूड चालायचं, पण ते औषध पावसापाण्यात किती वर्षं टिकतं हे कुणी सांगू शकलं नाही. सहाव्या गावात नियमच नव्हता. “आम्ही लो रिस्क आहोत,” तिथली बाई अभिमानाने म्हणाली. कोण ठरवतं, विचारलं. ती गोंधळली. “आम्हीच.”

त्याच सुमारास एक छपरांचा विक्रेता आमच्या काउंटरवर आला. त्याने सीडरची फळी काढली, लायटर पेटवून तिच्याखाली धरला आणि विजयी मुद्रेने माझ्याकडे बघितलं. फळी नुसती काळी पडली. “बघा, पेटत नाही.” फळी ताजी, दमट होती. मी ती ठेवून घेतली. गरम वारा सुटला तेव्हा ती आणि तशाच आणखी काही फळ्या रेने पार्किंगमध्ये तीन दिवस उन्हात ठेवल्या. मग छपरावर असतात तशा एकीवर एक रचल्या आणि बार्बेक्यूच्या शेगडीतला एक लाल निखारा चिमट्याने दोन फळ्यांच्या फटीत ठेवला. वारा होताच. मी घड्याळ बघत होते, पण मिनिटकाटा पुरता हलायच्या आत फळ्या धडधडून पेटल्या. जळके तुकडे वाऱ्यावर उडाले आणि डगच्या गाडीपाशी जाऊन पडले. रेने बुटाखाली चिरडून विझवले.

“म्हणजे आग रस्ता ओलांडत नाही,” तो म्हणाला. “उडून येते. छपरावर उतरते. मग ते छप्पर पुढच्या छपरावर निखारे फेकतं. त्याला टेकडी लागतच नाही.”

मी हे सगळं रिपोर्टमध्ये लिहिलं. तक्ता, नकाशे, आणि शेवटी पाच पानं: झुडपांसाठी रेघ ठीक आहे, पण छपरांसाठी रेघेला अर्थ नाही, गावभर नवीन छप्पर न जळणारंच हवं.

डगने ती पाच पानं माझ्यासमोर स्टेपल काढून वेगळी केली.

“तुला तुलना करायला सांगितली होती. मत द्यायला नाही.”

“तुलना करून मत द्यायचं नसेल तर तुलना कशाला?”

“मिसेस टी, पश्चिमेकडच्या लोकांनी कमी धोक्याच्या भागात म्हणून घरं घेतलीत. त्यांना उद्या सांगायचं का, की छप्पर काढा?”

“काढा नाही. नवीन घालाल तेव्हा—”

“पहिल्या पानावर सही कर.”

मी सही केली. नवऱ्याची नोकरी तेव्हा डळमळीत होती, मुलगी लहान होती, ग्रीन कार्ड नुकतं हातात पडलेलं होतं. ही कारणं मी स्वतःला इतक्या वेळा सांगितली आहेत की पाठ झालीत. सही माझीच होती.

तरी रे गप्प बसला नाही. कौन्सिलच्या सुनावणीत त्याने तोंडी तोच मुद्दा मांडला आणि तसा ठराव सुचवला. मग लोकांना बोलायला माईक दिला आणि उठले आमचे डॉक्टर मोडक.

मोडक हार्टचे डॉक्टर. आमच्या भागातल्या मराठी मंडळींत सगळ्यांत आधी आलेले. नवीन आलेल्या कितीतरी जणांना त्यांनी विमानतळावरून घरी आणलं, जेवू घातलं, आम्हालाही. मिसेस हाल्वरसनच्या शेजारचं घर त्यांचं. त्या गल्लीतलं पहिलं भारतीय कुटुंब. असोसिएशनने त्यांना कमिटीवर घेतलं होतं, त्याचं त्यांना फार अप्रूप होतं. ते स्वच्छ इंग्रजीत म्हणाले, “मी आठ वर्षं इथे राहतोय. आमच्या गल्लीत कधी ठिणगी पडलेली नाही. उगाच घबराट पसरवू नका. आमच्या वस्तीचं सौंदर्य हीच तिची किंमत आहे.” टाळ्या पडल्या.

बाहेर पार्किंगमध्ये मी त्यांना गाठलं. “डॉक्टर, आठ वर्षांत अटॅक आला नाही म्हणून येणार नाही, असं तुम्ही पेशंटला सांगता?”

ते दचकले. मग हसले. “सुनंदा, तू हुशार आहेस. पण आपण इथे पाहुणे. दरवेळी आपणच कशाला वाईट दिसायचं?”

ठराव पडला. मुद्दा पुढच्या अभ्यासासाठी बाजूला ठेवला गेला.

आग लागली ती पुढच्या शरदात, दुपारी. टेकडीमागे विजेची तार तुटली म्हणाले. मी ऑफिसच्या खिडकीतून आधी तपकिरी ढग बघितला, मग ऊन नारिंगी झालं. आगीच्या सगळ्या गाड्या नियमाप्रमाणे पूर्वेला पाठवल्या होत्या, जिथे जास्त धोका होता. आणि पूर्वेकडची बरीचशी घरं वाचली, कारण तिथे झुडपं काढलेली होती, छपरं कौलांची होती. निखारे त्यांच्या डोक्यावरून, कॅन्यन रोडवरून उडत पश्चिमेला आले आणि सीडरच्या छपरांवर उतरले. दोन तासांत त्या गल्लीतली आणि तिच्या मागची मिळून चौदा घरं गेली. घराघरांमधली लॉन्स मात्र हिरवीगार होती. ते दृश्य मी विसरू शकत नाही. हिरवं लॉन, हिरवं लॉन, आणि मध्ये काळं विटांचं धुराडं.

मिसेस हाल्वरसन तेव्हा औषधं आणायला गेल्या होत्या. मार्गरेट मागच्या खोलीत होती. तिला बाहेर काढलं, पण तीन दिवसांनी ती हॉस्पिटलमध्ये वारली.

दोनेक आठवड्यांनी मिसेस हाल्वरसन काउंटरवर आल्या. राडारोडा उचलायलाही परमिट लागतं. अंगावर कुणाचातरी मोठ्या मापाचा कोट. मी फॉर्म पुढे केला. त्यांनी भरला. मग पेन ठेवून म्हणाल्या, “तू मला सांगितलं होतंस, दोन्ही चालतं.”

“हो.”

“तू लाकडी घातलं असतंस?”

“नाही.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही नियम विचारलात,” मी म्हणाले. हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि मला माझीच किळस आली.

“मी चाळीस वर्षं शाळेत शिकवलं,” त्या म्हणाल्या. “मुलाने विचारलं तेवढ्याचंच उत्तर देणारी शिक्षिका मी कधीच नव्हते.” परमिट घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि गेल्या. जागा विकून त्या ओरेगॉनला भाचीकडे गेल्या. मला पुन्हा भेटल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मला वाटलं, आता तरी नियम बदलेल. कौन्सिलने मार्गरेटसाठी एक मिनिट शांतता पाळली आणि अभ्यास समिती नेमली. नियम तोच राहिला. आणि सहा महिन्यांत त्या चौदा घरांपैकी एकेक पुन्हा बांधायचे नकाशे माझ्याच काउंटरवर यायला लागले. छप्पर: सीडर. छप्पर: सीडर. छप्पर: सीडर. राख अजून पुरती उचललेली नव्हती! रागाने माझी कानशिलं तडतडायची. मी प्रत्येकाला आता तोंडाने सांगायला लागले. डगने मला आत बोलावून तंबी दिली, “उद्या कुणी आपल्यावर केस केली तर?” मी म्हटलं, “सांगितलं म्हणून केस होते की लपवलं म्हणून, ते कोर्टात एकदा बघूच.” माझ्या फाइलला एक ताकीद लागली. नंतर आणखी एक.

मग मोडक आले. त्यांचंही घर गेलं होतं. जुन्या फोटोंसकट, बायकोच्या, कुमुदताईंच्या तंबोऱ्यासकट सगळं. हातात नकाशाची गुंडाळी. छप्पर: सीडर.

“डॉक्टर,” मी मराठीत म्हणाले, “मी यावर शिक्का मारणार नाही.”

“नियमात बसतं ना?”

“बसतं.”

“मग? असोसिएशनने एकसारखं दिसायला हवं म्हणून पत्र दिलंय. माझ्या एकट्यामुळे गल्ली विद्रूप करू?”

“दुसऱ्या कुणाकडून मारून घ्या. माझा हात उचलणार नाही.”

ते लाल झाले. “सुनंदा, तुला मी विमानतळावरून आणलं होतं.”

आवाज ऐकून डग बाहेर आला. त्याने नकाशा घेतला, शिक्का उचलला, मग फॉर्म बघून थांबला. “डॉक्टर, इथे दुसऱ्या मालकाची सही नाही. घर दोघांच्या नावावर आहे.”

“ती गाडीत आहे. आणतो.”

त्यांनी कुमुदताईंना आणलं. या बाई मराठी मंडळाच्या कार्यक्रमात शंभर माणसांची पुरणपोळी करून स्वयंपाकघरातच उभ्याने जेवायच्या. इतक्या वर्षांच्या ओळखीत मी त्यांना नवऱ्याचं बोलणं मध्ये तोडताना पाहिलं नव्हतं. डॉक्टरांनी पेन पुढे केलं.

“कुमुद, इथे.”

त्यांनी फॉर्म वाचला. सावकाश, बोट लावून. मग विचारलं, “हे सीडर म्हणजे पहिलं होतं तेच?”

“हो, पण चांगल्या क्वालिटीचं.”

“मी नाही सही करणार.”

“काय?”

“तुम्ही हॉस्पिटलात होतात,” कुमुदताई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण शेजारच्या रांगेतली माणसं मराठी न कळताही वळून बघायला लागली. “मी मार्गरेटचं दार ठोकत होते. आतून कडी होती. ती म्हणत होती, आय ॲम कमिंग, डिअर, आय ॲम कमिंग. वॉकरचा टक टक आवाज येत होता. वरून जळक्या फळ्या पडत होत्या, माझा पदर पेटला तेव्हा फायरवाल्याने मला ओढलं. ती येतच होती हो. हळूहळू येत होती.” त्यांनी पेन काउंटरवर ठेवलं. “या छपराखाली मी झोपणार नाही. तुम्हाला झोपायचं असेल तर माझं नाव काढून टाका घरावरून.”

मला वाटतं, डॉक्टरांनी ही हकिगत पहिल्यांदाच ऐकली. त्यांनी गुंडाळी उचलली, बायकोचा दंड धरला आणि दोघं बाहेर गेले. पुढच्या आठवड्यात नवीन नकाशा आला: सिमेंटची कौलं, दोन सह्या. त्यावर मी शिक्का मारला.

गावाचा नियम पुढे बदलला. कधी? विमा कंपन्यांनी लाकडी छपरांच्या घरांना विमा द्यायला खळखळ सुरू केली तेव्हा. मग तोच डग, तेच सभासद, एका बैठकीत एकमताने. माझी ती पाच पानं कुणीतरी शोधून काढली आणि नवीन तारीख घालून ठरावाला जोडली. रे तोवर रिटायर झाला होता. मी त्याला फोन केला. त्याने ऐकून घेतलं आणि इथे छापता येणार नाही असा एकच शब्द उच्चारला.

पण नियम बदलायच्या आधीची एक संध्याकाळ मला जास्त आठवते. मोडकांच्या घरावर राखाडी कौलं चढली आणि असोसिएशनने नोटीस काढली: वस्तीच्या शोभेला बाधा, कमिटीपुढे हजर व्हावं. डॉक्टरांना इमर्जन्सी आली की त्यांनी येऊ दिली, देव जाणे. कुमुदताईंनी मला फोन केला, “सुनंदा, तू नुसती शेजारी बस.”

कुणाच्यातरी दिवाणखान्यात बैठक होती. लिंबाचं सरबत, बिस्किटं. अध्यक्ष फार सभ्य माणूस. तो म्हणाला, “मिसेस मोडक, आम्हाला तुमच्याविषयी आदरच आहे. पण मी गल्लीतल्या प्रत्येक घरी जाऊन विचारलं. सगळ्यांना लाकडीच आवडतं.”

कुमुदताईंचं इंग्रजी तुटक. घरून घोकून आणलेली वाक्यं त्यांनी पर्समधल्या कागदावर लिहिलेली होती. तो कागद त्यांनी उघडलाच नाही.

“एव्हरीबडी?” त्यांनी विचारलं.

“हो. सगळ्यांना.”

“यू आस्क मार्गरेट?”